दुपारी पाणी निजतं

हापशातून पाणी येईनासं झालं की लोक आधी दांड्याला लाथ घालतात, मग मिस्त्रीला शिव्या घालतात आणि शेवटी पंचायतीत तक्रार नेतात. मोखाडा तालुक्यात हा क्रम कधी चुकल्याचं मला आठवत नाही. मी बत्तीस वर्षं हातपंप दुरुस्तीच्या पथकात होतो. लाथ तेवढी पंपाला बसली, बाकीचं माझ्या वाट्याला आलं.

मी चौथीपर्यंत शिकलो. हे सगळं वहीत पेन्सिलीनं लिहिलंय. मुलगी जव्हारला शिक्षिका आहे, तिनं काना-मात्रा नीट केल्या. मध्ये मध्ये जरा गोड शब्द घालू का, असं तिनं विचारलं. मी नको म्हणालो. तिची आई असती तर हसली असती. तिची आई म्हणजे माझी बायको बुधी. गेल्या वर्षी फाल्गुनात ती गेली. हापशांचं लिहायला बसलोय, पण तिला बाजूला ठेवून ते लिहिता येत नाही. हापशामुळंच ती मला मिळाली आणि हापशावरूनच आमचं भांडण झालं. ते भांडण मिटायच्या आधी ती गेली.

ज्यांच्या घरात नळ आहे त्यांच्यासाठी आधी पंप सांगतो. जमिनीत एक भोक असतं, नारळ जेमतेम जाईल एवढं. त्यात दहा-दहा फुटांचे लोखंडी पाइप एकाखाली एक जोडून सोडलेले असतात. सगळ्यात खाली पितळेचं नळकांडं, त्यात वॉशर. पाइपांच्या आतून सळी जाते, ती वर साखळीनं दांड्याला अडकवलेली. दांडा दाबला की सळी वर येते आणि वॉशर पाणी उचलतो. एवढंच आहे. दांडा एकदम हलका लागला तर वॉशर गेला नाहीतर सळी तुटली. वीस-तीस हापसे मारल्यावर पाणी आलं तर खालची झडप गळते. हे बघायला मला पंपाजवळ जावं लागत नसे. हापसणाऱ्या बाईच्या खांद्याकडं लांबून पाहिलं तरी कळायचं.

अवघड काम एकच, पाइप वर काढणं. एकेक जोड शिकंज्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, धरून पाइप उपसायचे. हात निसटला तर सगळी माळ तळाला जाते आणि बोअर मेला. माझ्या हातून असे दोन बोअर मेले. त्या दोन पाड्यांत मला अजून कोणी चहा विचारत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. पोशेऱ्याच्या बाजूला एक म्हातारा होता, तो दर महिन्याला तक्रार आणायचा की हापसा रडतो, आणि गावात हापसा रडणं चांगलं नाही. मी जायचो. बेअरिंग कोरडं ठणठणीत असायचं. ग्रीस भरायचो, हापसा गप्प व्हायचा, म्हातारा मला पोहे खिलवायचा. सहा महिने हेच चाललं. एकदा त्याची बैलगाडी समोरून गेली, तिची चाकं लोण्यासारखी फिरत होती. आसाला हात लावून पाहिला तर माझंच ग्रीस. पुढच्या वेळी ग्रीसचा वेगळा डबा त्याच्या ओट्यावर ठेवला. त्यानंतर हापसा रडला नाही, पण म्हाताऱ्याची तक्रार मात्र येतच राहिली. त्याला पोह्यांना सोबत हवी होती.

वावर गावाकडं एका घरात सासूनं सुनेची तक्रार केली होती. नवी सून आल्यापासून भात काळपट होतो, तिच्या हातातच काहीतरी आहे. सासू हे पंचायतीत सांगून आली आणि पंचायतीनं मला पाठवलं. आता सून दुरुस्त करायला हापशाचा मिस्त्री कशाला, पण तक्रार लिहिणाऱ्याला बिचाऱ्याला हापशाच्या कागदाशिवाय दुसरा कागद सापडला नसेल. जाऊन पाहिलं तर पाणी गंजलेलं, लाल. सून यायच्या सुमारालाच पाइप कुजले होते. चार पाइप बदलले. दुसऱ्या दिवशीचा भात पांढरा झाला. सुनेनं मला नागलीच्या पापडांची चळत दिली, सासूकडं बघत बघत दिली.

असे दिवस गेले. पण एक गोष्ट मी माझ्या हातांनी मोजत होतो. नोकरीला लागलो तेव्हा आठ-नऊ पाइप सोडले की पाणी लागायचं. पुढं अकरा, पुढं तेरा. शेवटी शेवटी चौदा-पंधरा पाइप घालूनही चैत्रात दांडा हलका लागायचा. आमच्याकडं पाऊस काही थोडा नाही. चार महिने असा पडतो की अंगणातलं जातं दिसत नाही. तो सगळा उतारावरून खाली पळतो, शहरांसाठी बांधलेल्या धरणांत जातो. पूर्वी त्याला झाडं अडवायची. आता डोंगर बोडके झाले, दर उन्हाळ्यात कोणीतरी वणवा लावतं, माती ओढ्यात जाते. अन् माणसं वाढली. ज्या पाड्यात अकरा घरं होती तिथं आता चाळीस आहेत. घरं वाढली त्याला मी नाव ठेवत नाही, माझीही तीन पोरं आहेत. पण खालचा खडक काही वाढला नाही. त्याच्या भेगांत जेवढं पाणी मावायचं तेवढंच मावतं. वरून आम्ही पाइप वाढवत गेलो. साहेब म्हणायचे, खोल जा. मी जायचो. खोल जाणं म्हणजेच दुरुस्ती असं मला वाटत होतं.

आता बुधीचं सांगतो.

सूर्यमाळच्या डोंगरावर गोंदणपाडा आहे. नोकरीला लागून वर्ष झालं असेल, तिथल्या हापशाची साखळी तुटली म्हणून मी गेलो. ऐन दुपार. पाहतो तर दांड्याला जांभळीची हिरवी फांदी बांधलेली. मला वाटलं कोणाच्या देवाचं असेल. सोडली आणि फेकून दिली. साखळी बसवली, दांडा मारायला लागलो, तर मागून एक पोरगी आली. तिनं माझा मोठा पाना उचलला, तो खाली ठेवला आणि त्यावर बसली.

म्हणाली, "पानी निजलंय. ऊन उतरल तवा हापस."

मी म्हटलं, "लोखंडाला कसली झोप?"

"लोखंडाला नाय. पान्याला."

ऊन उतरेपर्यंत ती त्या पान्यावरून उठली नाही. मला दुसरं काही काम करता येईना, मग तिच्याशी बोलत बसलो. तिनं मला खाली नेऊन कुंडी दाखवली. पाड्याच्या उतारावर जांभळीच्या मुळाशी दगडात हातभर खोल खळगा, त्यात झरा पाझरतो. हापसा यायच्या आधी सगळा पाडा त्यावर जगायचा. सूर्य डोक्यावर आला की कोणीतरी म्हातारी कुंडीवर जांभळीची फांदी ठेवायची. म्हणजे पाणी निजलं. ऊन उतरेपर्यंत कोणी करवंटी बुडवायची नाही, परक्यानंही नाही. संध्याकाळी फांदी उचलायची तेव्हा कुंडी भरलेली असायची. हापसा आला तेव्हा बायकांनी तीच फांदी दांड्याला बांधली. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, पण त्यांचं बरोबर होतं. हे मला कळायला माझी सगळी नोकरी गेली.

पुढच्या वर्षी लग्न झालं. आमच्याकडं बायको नवऱ्याला अरे-तुरेच करते. बुधी मला नाव घेऊन हाक मारत नसे, "अरे मिस्त्री" म्हणायची. मी थकून घरी आलो की विचारायची, आज कोनत्या बाईचा हापसा बिघडवलास? मी पाना पुसून ठेवायचो तर म्हणायची, तो इकडं दे, तुझ्यापेक्षा माझी ओळख जुनी हाय त्याची.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं तेव्हा गोंदणपाड्याला सौर मोटर मंजूर झाली. त्याच हापशाच्या बोअरमध्ये खाली मोटर सोडायची, वर पत्रे लावायचे, टाकी, टाकीखाली सहा नळ. ऊन असेपर्यंत मोटर आपोआप चालते. मला आनंद झाला. सासुरवाडीला काहीतरी देऊन घरी बसीन, असं मनात आलं. बसवायला आलेल्या माणसाच्या कागदावर मोटर किती खोल सोडायची ते लिहिलेलं होतं. मी म्हटलं, अजून तीस फूट सोड. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, या बोअरला मी तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखतो. त्यानं सोडली.

नारळ फुटला, सहाही नळ धो-धो सुटले. माझ्या मेव्हण्याची बायको, सखूवहिनी, डोकं नळाखाली धरून बसली. आयुष्यभर हंडे वाहून तिच्या टाळूवरचे केस गेले होते. तिला तसं बघून मला भरून आलं, हे खरं आहे. बुधीही ओंजळीनं पाणी प्यायली आणि तिनं मला विचारलं, "आता पानी निजणार कधी?"

मी म्हटलं, "सूर्य मावळला की. सौर आहे ना."

सगळे हसले. तीही हसली.

दुसऱ्या उन्हाळ्यात कुंडी आटली. पाड्यात कोणाला त्याचं फार वाटलं नाही, नळ होते. बुधी माहेरी जाऊन परत आली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना मान वर न करता म्हणाली, "माझ्या आयेचं पानी चोरून तू माझ्या वहिनीला दिलंस."

मी सांगितलं की पाऊस लवकर गेला. वरची झाडं तोडली. वणवा लागला. माणसं वाढली. यातलं काहीच खोटं नव्हतं. त्याच्या मागं मी लपलो होतो, एवढंच. कारण मला एक गोष्ट माहीत होती. पूर्वी गोंदणपाड्याला नवा वॉशर घातला की मी तासभर हापसून बघायचो, आणि त्याच दिवशी खाली कुंडीतलं पाणी गढूळ व्हायचं. दोनदा मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. बोअर आणि कुंडी एकाच भेगेतून पाणी पीत होती. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पंपावर बंदी आली असती आणि बंद पंपाला मिस्त्री लागत नाही. नंतर मी विसरलो, म्हणजे विसरल्यासारखं केलं.

भांडण कडू नव्हतं. तिखट होतं. चार माणसांत ती सांगायची, आमच्या मिस्त्रीनं माहेरची कुंडी पाण्यासकट खाल्ली. लोक हसायचे, मीही हसायचो. एकदा जरी म्हटलं असतं की बुधी, चुकलं, तर तिनं भाकरीचं पीठ हाताला असतानाच माझ्या पाठीत धपाटा घातला असता आणि विषय संपला असता. मला ती ओळखत होती. मला तेवढं आलं नाही.

मग ती आजारी पडली. पोटात पाणी व्हायला लागलं. दवाखाने केले. शेवटच्या आठवड्यात तिला घरी आणली, तेव्हा ती म्हणाली, कुंडीचं पानी आण. मी गोंदणपाड्याला गेलो. कुंडीत वाळलेली पानं होती. वर येऊन नळाची बाटली भरली आणि तीच आणून तिच्या तोंडाला लावली. तिनं घोट घेतला, जिभेवर फिरवला, आणि माझ्याकडं बघत राहिली.

"ह्ये लोखंडाचं हाय," म्हणाली. तरी तिनं ते गिळलं.

चार दिवसांनी ती गेली.

दोन महिन्यांनी अक्षय तृतीया आली. आमच्याकडं तिला आखातीज म्हणतात. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर पाण्यानं भरून ठेवतात, ऐन उन्हाळ्यात त्यांना तहान लागू नये म्हणून. मुलीनं घरच्या नळाची घागर भरली, आंबा ठेवला, फूल ठेवलं. मी नमस्काराला वाकलो. ती पुन्हा लोखंडाचंच पीत असेल, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोंदणपाड्याला गेलो. टाकीजवळ पाणी भरायला आलेल्या बायकांपुढं सगळं सांगितलं. गढूळ पाण्याचंही सांगितलं. आणि म्हटलं, मोटर तीस फूट वर घेऊ द्या, आणि दुपारी बंद ठेवा.

मग सखूवहिनी हंडा खाली ठेवून म्हणाली, "दाजी, तुमचं माणूस गेलं, आमचंबी गेलं. पर तुमच्या दुःखापायी ह्या वयात मी परत हंडा घ्यायचा?"

ती बरोबर बोलत होती. मी म्हटलं, हंडा घ्यायचा नाही वहिनी. नळ राहतील. टाकी सकाळी एकदा भरेल, संध्याकाळी अर्धी भरेल. आता ती भरून वाहते, म्हशी त्या वाहत्या पाण्यात बसतात, मोटरसायकली धुतात. तेवढं जाईल. आणि असंच खोलातून उपसत राहिलो तर दोन वर्षांत मोटरही गाळ ओढेल, मग हंडाच येईल आणि तो भरायला कुंडीही नसेल. हे मी बायकोसाठी म्हणत नाही. हे मिस्त्री म्हणून म्हणतोय, आणि उशिरा म्हणतोय.

एक सून मागून म्हणाली, "मोटरसायकल बायका धुतात का? त्यांनाच सांगा की." तिथं जरा हसू झालं. पुरुषांना सांगायचं काम बायकांनी अंगावर घेतलं. आठ दिवस पाड्यात काय काय झालं ते मला ठाऊक नाही, सखूवहिनीनं मेव्हण्याचं जेवण एक दिवस बंद ठेवलं एवढं कानावर आलं. मग पंचायतीचा कागद झाला. आता पथकात नवी मंडळी आहे. त्यांनी मोटर वर घेतली, मी शिकंजा धरला. या वेळी हात निसटला नाही.

तेव्हापासून सूर्य डोक्यावर आला की मोटर बंद करून तिच्या बटणाच्या पेटीला जांभळीची फांदी बांधतात.

पाऊस आला, गेला. माघात कुंडीत पाणी होतं, पण माघात ते असायचंच. फाल्गुनात होतं. चैत्रात बोटभर उतरलं. मी दर आठवड्याला एसटीनं जाऊन काठी बुडवून बघायचो. बायका टाकीजवळून ओरडायच्या, मिस्त्री, पाइप वाढवायचा का?

या वर्षीच्या आखातीजला नवी घागर घेऊन गेलो. एसटी उशिरा आली. माझ्या आधी तीन घागरी लागल्या होत्या. कुंडीत पाणी आहे असं कळल्यावर पाड्यातल्या ज्याच्या घरात कोणी गेलं होतं तो प्रत्येक जण तिथंच आला होता. बायका करवंटीनं थोडं थोडं भरत होत्या. पाणी पाझरायला वेळ लागत होता. मी रांगेत उभा राहिलो. बत्तीस वर्षं मी रांगा बाजूला सारून पंपाजवळ गेलो, पाण्यासाठी रांगेत पहिल्यांदा उभा होतो. पाय दुखतात, हे बायकांनी मला कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल.

माझी पाळी आली तेव्हा कुंडीत चार बोटं पाणी होतं. गुडघे टेकले. एक करवंटी, दोन करवंट्या. पाणी गार होतं आणि त्याला जांभळीच्या मुळांचा तुरट वास होता. थोडं जिभेवर घेतलं. लोखंड नव्हतं. घागर अर्धी झाली, कुंडीत अजून दोन बोटं होती. मी परत करवंटी घातली तेवढ्यात सखूवहिनीची सावली पाण्यावर पडली.

"बस झालं दाजी. सूर्य डोक्यावर आला."

मी म्हटलं, वहिनी, घागर अर्धीच आहे. वर्षातून एकदा ठेवायची, अर्धी कशी ठेवू? चार करवंट्यांचं तर काम.

ती म्हणाली, "बुधीला ठावं हाय, दुपारी पानी निजतं. ती अर्ध्याला काय बोलायची नाय. भरून नेलीत तर बोलंल."

तिनं कमरेला खोचलेली जांभळीची फांदी काढून माझ्या हातात दिली. मी करवंटी दगडावर उपडी घातली आणि ती फांदी कुंडीवर ठेवली.